पशुवैद्यकाची सही



ज्यांच्या स्मृतीसाठी हे व्याख्यान होते, त्या डॉक्टरसाहेबांची उभी नोकरी तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यांत गेली आणि उरलेला सगळा वेळ संघटनेत गेला. आयोजकांनी मला विषयही त्यांच्याच आयुष्यातला दिला आहे: शासकीय पशुवैद्यकांची संघटना कशासाठी? वेतनश्रेणी, रखडलेल्या पदोन्नत्या, व्यवसायरोध भत्ता, बदल्या यांवर तासभर बोलता येईल आणि त्यातला प्रत्येक प्रश्न खरा आहे. पण मला एकच गोष्ट सांगायची आहे, ती आधीच सांगून टाकतो. सरकारी पशुवैद्यकाजवळची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे त्याची सही. ती एकट्या माणसाला राखता येत नाही. ती राखण्यासाठी संघटना हवी. बाकीच्या मागण्या या मागणीच्या पाठोपाठ गेल्या, तर लोक त्यांचे ऐकतील.

ही सही कुठे कुठे लागते ते पाहा. गाईचा विमा उतरवायचा तर तिच्या तब्येतीचा आणि किमतीचा दाखला आमचा. ती मेली तर शवविच्छेदनाचा अहवाल आमचा, तोही कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासकट, कारण बिल्ला नाही तर दावा नाही. वीज पडून, पुरात वाहून किंवा बिबट्याच्या हल्ल्यात जनावर गेले, तर भरपाईच्या कागदांत आमचा अहवाल. गुरे परराज्यात न्यायची तर आरोग्याचा दाखला. म्हैस कत्तलखान्यात जाण्याआधी तपासणी. लस किती जनावरांना टोचली त्याचा आकडा. आणि या सगळ्यांहून मोठी गोष्ट म्हणजे गावात रोग शिरला आहे याची पहिली लेखी खबर.

माणसांच्या दवाखान्यात रोगी निदान स्वतः बोलतो, तक्रार करतो, दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. आमचा रोगी बोलत नाही. त्याला घेऊन येणारा मालक आहे, आम्हाला पगार देणारे सरकार आहे, आणि त्या गाईचे दूध पिणारा गाव आहे. या सगळ्यांचे हित नेहमी एका बाजूला असतेच असे नाही. ते जिथे एकमेकांना भिडते, त्या जागी कागदावर एक रेघ आखलेली असते आणि तिच्याखाली लिहिलेले असते: पशुधन विकास अधिकारी.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण सगळा प्रश्न त्यात आहे. फाशी, म्हणजे ॲन्थ्रॅक्स. संध्याकाळी चरून आलेली गाय सकाळी गोठ्यात मरून पडलेली असते. नाकातून आणि शेणाच्या जागेतून काळपट रक्त येते, ते गोठत नाही. पोट भराभर फुगते, पण अंग नेहमीसारखे ताठत नाही. अशा जनावराला सुरी लावायची नाही, हे महाविद्यालयात प्रत्येकाला बजावून सांगितलेले असते. शव उघडले की आतल्या जंतूंना हवा मिळते, त्यांचे बीजाणू बनतात आणि ते मातीत अनेक दशके तग धरतात. कानाच्या शिरेतला रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, ती प्रयोगशाळेकडे पाठवायची, आणि शव खोल खड्ड्यात चुना घालून पुरायचे, एवढेच करायचे असते.

आता तो गोठा डोळ्यांपुढे आणा. गाय विम्याची आहे. दाव्याच्या कागदांत शवविच्छेदन अहवाल मागितलेला आहे. चार माणसे म्हणताहेत, ‘साहेब, फाडून घ्या, म्हणजे गरिबाचा दावा तरी पास होईल.’ कातडे सोलणारा येऊन थांबला आहे. पशुवैद्यक नवखा आहे, एकटा आहे, आणि समोर रडणाऱ्या बाईला ही गाय म्हणजे काय होती हे त्याला कळते आहे. त्याने सुरी लावली तर कागद पुरा होतो. पण मग ते शिवार पुढच्या पिढीपर्यंत नासते आणि सोलणाऱ्याच्या हातावर काळी पुळी येते. त्याने ‘फाशीच्या संशयावरून शव उघडले नाही’ असे लिहून सही केली, तर त्याने गावाला वाचवलेले असते, आणि दुसऱ्या दिवसापासून तो सगळ्यांना उत्तरे देत फिरतो. विमा कंपनी विचारते, अहवाल अपुरा का? सरपंच विचारतात, माणुसकी आहे की नाही? वरिष्ठ विचारतात, तक्रार का आली?

हे धैर्य त्या एकट्या पोराकडून मागायचे आणि घरी जाऊन झोपायचे, हे मला मान्य नाही. हा प्रश्न टेबलावर बसून सुटणारा आहे. फाशीचा संशय असेल तिथे रक्ताच्या काचपट्टीचा अहवाल शवविच्छेदनाच्या जागी धरला जाईल, हे विमा कंपन्यांकडून आणि पुण्याच्या पशुसंवर्धन आयुक्तालयाकडून एकदा लेखी, सगळ्या राज्यासाठी, सगळ्या दवाखान्यांच्या भिंतीवर लावता येईल असे करून घ्यायला हवे. ते काम व्यक्तीचे नाही, संघटनेचे आहे. माझ्या लेखी अशा एका परिपत्रकाची किंमत एका वेतनवाढीहून जास्त आहे.

लंपीच्या साथीत हाच ताण राज्याने मोठ्या प्रमाणावर पाहिला. 2022 च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात रोग दिसला आणि काही आठवड्यांत तो राज्यभर पोचला. जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली. शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचण्याची मोहीम लागली आणि दवाखान्यातले लोक पहाटेपासून गोठे पालथे घालू लागले. मेलेल्या जनावरांसाठी सरकारने भरपाई जाहीर केली: दुभत्या गाईला 30,000 रुपये, बैलाला 25,000, वासराला 16,000. योग्यच केले. पण त्या दिवसापासून पशुवैद्यकाच्या शब्दाला रुपयांत किंमत आली. पोटफुगीने गेलेल्या गाईचा मालकही हात जोडून म्हणे, ‘डॉक्टर, लंपीच लिहा, तुमचे काय जाते?’ त्याचे दुःख खरे होते. उलट रोगाचा आकडा वाढला की ज्यांचा बाजार, ज्यांचे दूध, ज्यांची प्रतिष्ठा अडचणीत येते, ते कोणत्याही साथीत ‘एवढ्यात लिहू नका, थांबा, खात्री करा’ असे म्हणतात. दोन्ही बाजूंनी हात धरले जातात ते एकाच माणसाचे.

याआधी 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला हे घडून गेले होते. भोपाळच्या प्रयोगशाळेने तिथल्या कोंबड्यांत बर्ड फ्लूचा विषाणू असल्याचे सांगितले. भारतातली ती पहिली नोंद. त्या एका निष्कर्षाने देशभरातला अंड्यांचा आणि कोंबडीचा बाजार कोसळला, आणि नवापूरच्या कुक्कुटपालकांच्या डोळ्यांदेखत त्यांचे पक्षी मारावे लागले. ते काम संरक्षक पोशाखात घामाघूम होत आपल्याच सहकाऱ्यांनी केले. रोगाचे नाव घेणे म्हणजे कुणाचे तरी घर बुडवणे, हे त्यांना तिथे दिसत होते. तरीही नाव घ्यावेच लागते. उशिरा घेतले तर रोग माणसांपर्यंत येण्याची भीती असते. 2009 चा जनावरांतील संसर्गजन्य रोगांचा केंद्रीय कायदा मालकावर, गावावर रोगाची खबर देण्याचे कर्तव्य टाकतो आणि ती खबर शेवटी जवळच्या पशुवैद्यकापाशी येऊन थांबते. कायद्याने कर्तव्य दिले. कर्तव्य बजावणाऱ्याला आधार देण्याचे काम आपल्याला उभे करायचे आहे.

खऱ्या नोंदीने काय होऊ शकते, याचे सर्वांत थोर उदाहरण आपल्याच खात्यातले आहे आणि ते नव्या पिढीला फारसे सांगितले जात नाही, म्हणून इथे जरा थांबतो. बुळकांडी. आज साठीच्या आतल्या किती शेतकऱ्यांनी बुळकांडीचे जनावर पाहिले असेल? तोंडात चट्टे, डोळ्यांतून धार, दुर्गंधीचे पातळ शेण, आणि आठवडाभरात गोठा रिकामा. या रोगापायी 1871 मध्ये इंग्रज सरकारला गुरांच्या साथीवरचा चौकशी आयोगाचा अहवाल काढावा लागला. 1889 मध्ये पुण्यात जंतुशास्त्राची प्रयोगशाळा निघाली. ती 1893 मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलवली गेली. तिथेच 1920 च्या दशकात संशोधक एडवर्ड्स यांनी शेळीच्या शरीरातून नेऊन सौम्य केलेल्या विषाणूची लस तयार केली. स्वातंत्र्यानंतर 1954 मध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि गावोगावच्या दवाखान्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली.

पण लस टोचणे हा त्या कामाचा सोपा भाग होता. भारतात शेवटची लागण 1995 मध्ये झाली. त्यानंतर रोग खरोखर गेला आहे हे जगाला पटवण्यासाठी लस थांबवावी लागली आणि गावोगाव शोध घ्यावा लागला: तोंडात चट्टे असलेले, हगवणीने मेलेले एकही जनावर आहे का? असेल तर नमुना, नसेल तर ‘नाही’ अशी लेखी नोंद. हजारो दवाखान्यांतून वर्षानुवर्षे ‘नाही’ असे लिहून येत राहिले, आणि त्या ‘नाही’वर आंतरराष्ट्रीय संस्थांनी विश्वास ठेवला. 2006 मध्ये भारत बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त जाहीर झाला आणि 2011 मध्ये सगळे जग. मानवाने पृथ्वीवरून घालवलेला देवीनंतरचा हा दुसराच रोग आहे. त्या ‘नाही’खाली सह्या कोणाच्या होत्या? मोटारसायकलवरून तांड्यावर, वाडीवर गेलेल्या माणसांच्या. त्यांतल्या चार जणांनी घरी बसून ‘नाही’ लिहिले असते आणि नेमका तिथेच रोग दबून बसलेला असता, तर सगळ्यांचे काम मातीत गेले असते.

मग अशी परंपरा असलेला वर्ग का दबतो? याचे एक कारण आपल्या जन्मात आहे. 1886 मध्ये परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दिनशा पेटिट यांच्या दानशूरपणाचा त्यात मोठा वाटा होता. पण साम्राज्याला पशुवैद्यक हवे होते ते आधी लष्कराच्या घोड्यांसाठी, मग शेतकऱ्याच्या बैलासाठी. वरच्या जागा विलायतेतून आलेल्यांच्या, आणि परळची पदविका घेतलेला देशी माणूस सहायक. त्याने पाहायचे, लिहायचे आणि वर पाठवायचे. ठरवणारा दुसराच. स्वातंत्र्य आले, पदांची नावे बदलली, आज पशुधन विकास अधिकारी हा गट-अ राजपत्रित अधिकारी आहे. पण 1962 पासून दवाखाने जिल्हा परिषदांकडे गेले आणि माणूस दोन घरांचा पाहुणा झाला. एका बाजूला जिल्हा परिषद, पंचायत समिती, तिथले सदस्य, आणि दुसऱ्या बाजूला राज्याचे खाते, उपायुक्त, आयुक्तालय. तांत्रिक प्रश्नावर कोणाचे ऐकायचे, हे ज्या दिवशी स्पष्ट नसते, त्या दिवशी ज्याचा आवाज मोठा त्याचे ऐकले जाते. स्थानिक लोकांना उत्तरदायी असणे चांगलेच आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण गाईला कोणता रोग झाला, हे सभेत हात वर करून ठरत नाही.

यावर तो पशुवैद्यक जाहीर बोलेल म्हणावे, तर 1979 चे नागरी सेवा वर्तणूक नियम आडवे येतात. सरकारच्या धोरणावर वृत्तपत्रांत टीका करता येत नाही. नियम असण्यालाही कारण आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की त्याच्याजवळ माहिती आहे आणि तोंड नाही. हे तोंड संघटनेनेच व्हायचे असते. निवेदन देणे, भेट मागणे, विधिमंडळाच्या समितीपुढे आकडे ठेवणे, पत्रकाराला अध्यक्षाच्या नावाने माहिती देणे, हे तिला करता येते.

बाहेरच्या देशात काय झाले तेही सांगतो. अमेरिकेत सरकारी पशुवैद्यकांचे खाते 1884 मध्ये निघाले. 1906 मध्ये मांस तपासणीचा कायदा आला आणि प्रत्येक मोठ्या कत्तलखान्यात सरकारी पशुवैद्यक उभा राहिला. कत्तलखान्यातली उत्पादन-साखळी थांबवण्याचा अधिकार त्याला मिळाला, आणि दर मिनिटाला पैसे बुडतात म्हणून ती थांबवू नये हा दबावही. तिथे नॅशनल असोसिएशन ऑफ फेडरल व्हेटेरिनेरियन्स ही संघटना शंभरहून अधिक वर्षे काम करते आहे. तरीही 2010 मध्ये डीन वायट या सरकारी पशुवैद्यकाला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगावे लागले की जनावरांच्या छळाबद्दल आपण केलेल्या नोंदी वरिष्ठांनी उलटवल्या आणि शिक्षा आपल्यालाच झाली. म्हणजे संघटना असली, जुनी असली, तरी हे काम आपोआप होत नाही. ते रोज करावे लागते.

आता आपल्या घरातल्या दोन गोष्टी बोलतो, त्या काहींना रुचणार नाहीत.

पहिली असहकाराची. मागण्या ऐकल्या जात नाहीत तेव्हा आपण मासिक अहवाल थांबवतो, ऑनलाइन नोंदी बंद करतो. राग मला समजतो. मंत्रालयाला आकड्याशिवाय काही दिसत नाही, म्हणून आकडाच अडवायचा. पण रोगाची नोंद हे शस्त्र म्हणून वापरायला माझा ठाम विरोध आहे. ज्या सहीचे मोल आपण वाढवू पाहतो, ती आपणच गहाण टाकतो. आढावा बैठकांवर बहिष्कार टाका, जास्तीचे कार्यभार नाकारा, धरणे धरा. रोगाची खबर एक दिवसही थांबता कामा नये, हे संघटनेने आपल्या घटनेत लिहून ठेवावे.

दुसरी गोष्ट पदविकाधारक सहकाऱ्यांची. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पशुवैद्यकीय व्यवसाय नोंदणीकृत पदवीधराचा. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्याला राज्य सरकार किरकोळ सेवांची परवानगी देऊ शकते, पण नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. राज्यातले बरेचसे दवाखाने श्रेणी-2 चे आहेत, तिथे पशुधन पर्यवेक्षक किंवा सहायक पशुधन विकास अधिकारी असतात. या कलमावरून दोन्ही बाजूंच्या संघटना वर्षानुवर्षे भांडत आहेत. कायदा बरोबर आहे आणि तो पातळ करू नये, असे माझे मत आहे. पण देखरेख कुठे आहे? एका अधिकाऱ्याकडे स्वतःच्या दवाखान्याखेरीज आणखी तीन-चार दवाखान्यांचा अतिरिक्त कार्यभार असेल, तर त्याने न पाहिलेल्या उपचारांवर त्याची सही जाते. ही सही पदवीधरालाही धोक्याची आहे आणि पर्यवेक्षकालाही. अडलेल्या गाईजवळ रात्री सर्वांत आधी पोचणारा बहुधा तोच असतो, रोगाची पहिली शंकाही त्यालाच येते. त्याच्याशी भांडून आपण आपलेच डोळे झाकतो. श्रेणी-2 चे दवाखाने पदवीधरांनी भरा ही मागणी करताना तिथल्या पर्यवेक्षकांना सन्मानाने पुढे जाता येईल असा मार्गही त्याच निवेदनात लिहावा.

आता आपल्या स्वतःच्या आरोग्याबद्दल थोडेसे. वार अडकलेल्या गाईच्या अंगात खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस ब्रुसेलोसिसच्या तोंडाशी काम करतो. 2019 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना ब्रुसेलोसिसची लस दिली जाते. ती जिवंत जंतूंची आहे, हिसका देणाऱ्या वासरामुळे सुई स्वतःलाच टोचली तर माणूसही आजारी पडू शकतो. महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, आणि तपासणारा डॉक्टर मलेरियाची गोळी देतो. पिसाळलेल्या जनावराच्या तोंडात हात घालणाऱ्यांना रेबीजची प्रतिबंधक लस सरकारी खर्चाने, नेमणुकीच्या दिवशीच मिळायला हवी. आता सेवेत मुली मोठ्या संख्येने येत आहेत. गर्भवती पशुवैद्यकाला ब्रुसेलोसिसच्या लसीकरणापासून दूर ठेवायचे, याचा लेखी नियम असायला हवा, तिने कोणापुढे विनवणी करायची वेळ येऊ नये.

शेवटी नव्या मुलांबद्दल. 2025 मध्ये लोकसेवा आयोगाने पशुधन विकास अधिकारी या एकाच पदाच्या 2,795 जागांची जाहिरात काढली. एवढ्या जागा रिकाम्या होत्या, म्हणजे इतकी वर्षे कोणीतरी दुहेरी-तिहेरी कार्यभार वाहत होते. दुसरीकडे 1962 या क्रमांकावर फोन केला की फिरता दवाखाना दारात येतो, ही शेतकऱ्याची मोठी सोय झाली आहे. त्या गाड्यांवर अनेक तरुण पशुवैद्यक कंत्राटावर आहेत. ज्याची नोकरी करार संपेपर्यंतच आहे, त्याच्या सहीवर दबाव आणणे सर्वांत सोपे. आपली संघटना राजपत्रित अधिकाऱ्यांची आहे म्हणून तो आपला सभासद होऊ शकत नाही, हे मला पटत नाही. घटना दुरुस्त करा आणि त्याला आत घ्या.

आणि रुजू होणाऱ्या प्रत्येकाला, कायम असो की कंत्राटी, संघटनेने पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी द्याव्यात. एक, कोणत्या दाखल्यावर काय लिहायचे आणि काय लिहायला नकार द्यायचा याची छोटी पुस्तिका, वकिलाने तपासलेली. दोन, त्याचा तांत्रिक निष्कर्ष कोणी बदलायला सांगितला तर तारखेसह कळवायचा नमुना. या नोंदी जिल्हा शाखेत जमा व्हाव्यात आणि नावे वगळून दरवर्षी आयुक्तांपुढे ठेवल्या जाव्यात. तीन, जिल्ह्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा फोन नंबर, जो रात्री अकरालाही फोन उचलेल आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्याच्याबरोबर जाऊन बसेल. या तिसऱ्या कामासाठी माझे नाव माझ्या जिल्ह्याच्या यादीत घालावे, अशी विनंती मी अध्यक्षांना आजच लेखी देतो आहे. इतर जिल्ह्यांच्या याद्यांसाठी निवृत्त मंडळींची नावे सभागृहाच्या दाराशी लिहून घेण्याची व्यवस्था केली आहे.